सत्तावन्न सालचे बोलपट : एक आढावा

चित्रपटाच्या इतिहासात एखादे वर्ष संस्मरणीय ठरते ते कोणत्या प्रमाणाने, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. कारण तिकिटांच्या उत्पन्नाचा हिशेब, रसिकांची स्मृती, परीक्षकांचे अभिप्राय आणि सरकारदरबारची पारितोषिके ही चार प्रमाणे क्वचितच एकमेकांशी जुळतात, आणि ज्या वर्षी ती जुळलेली दिसतात त्या वर्षाविषयी आपण बहुधा योगायोग म्हणून बोलतो व पुढे जातो. इ. स. १९५७ हे हिंदी बोलपटाच्या इतिहासातील असे एक वर्ष आहे. फेब्रुवारीत गुरुदत्तांचा ‘प्यासा’ आला; दिवाळीच्या सुमारास, २५ ऑक्टोबरला, मुंबईच्या लिबर्टी चित्रगृहात मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ लागला; त्याच बारा महिन्यांत बी. आर. चोप्रा यांचा ‘नया दौर’ आणि व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हे दोन बोलपट लोकांपुढे आले. आणि हे चारही, जे आज अभ्यासाचे विषय झाले आहेत, ते त्या काळी साध्या प्रेक्षकाने पदरचे पैसे मोडून पाहिले होते. या चौघांपैकी एखादा जरी त्या वर्षी निघाला असता तरी ते वर्ष लक्षात राहिले असते. चारही एकाच वर्षी का निघाले, याची मीमांसा मात्र फारशी झालेली नाही, आणि प्रस्तुत आढाव्याचा खरा विषय तोच आहे.

माझे मत असे की या वर्षाचे वैभव दोन काळांच्या संधीवर उभे आहे. तिसऱ्या आणि चौथ्या दशकांत प्रभात, न्यू थिएटर्स, बॉम्बे टॉकीज, सागर, नॅशनल अशा ज्या संस्था होत्या, त्यांनी माणसे मासिक पगारावर ठेवून त्यांना घडविले. एकच मनुष्य तेथे रंगाच्या बादल्या उचलण्यापासून संकलनापर्यंत सर्व कामे शिकला. महायुद्धाच्या काळात काळाबाजाराचा पैसा या धंद्यात शिरला, नटनटींनी पगार सोडून एकेका चित्रपटाचे करार करण्यास आरंभ केला, आणि त्या जुन्या संस्थांचे खर्डे उत्पन्नाशी जुळेनासे झाले. १९४९ साली स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या चित्रपट-चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात या अवस्थेची नोंद करून अर्थसाहाय्य महामंडळ व शिक्षणसंस्था यांची शिफारस केली होती. पण ती अमलात येण्यास आणखी नऊ वर्षे जावी लागली. दरम्यान प्रभात १९५३ साली बंद पडली आणि बॉम्बे टॉकीजचेही तेच झाले. संस्था गेल्या, तथापि त्यांनी घडविलेली माणसे चाळिशी-पन्नाशीच्या ऐन उमेदीत होती, स्वतःच्या नावाने निर्मिती करू लागली होती आणि आपल्या कर्जाला आपणच जबाबदार होती. शिक्षण संस्थेचे आणि धाडस स्वतःचे, असा हा काळ होता. आणि सत्तावन्न साल हे त्याचे शिखर.

या विधानाचा पुरावा म्हणून प्रभातचे उदाहरण घेणे मराठी वाचकाला सोयीचे होईल. शांताराम हे तर त्या संस्थेचे एक संस्थापकच. परंतु ‘प्यासा’चा दिग्दर्शकही प्रभातचाच विद्यार्थी होता, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. बंगलोरला जन्मलेला, उदयशंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात नृत्य शिकलेला हा तरुण १९४४ साली पुण्यास प्रभातमध्ये नोकरीस लागला, आणि तेथेच त्याची देव आनंदशी मैत्री झाली; देव आनंदचा पहिला चित्रपट ‘हम एक हैं’ (१९४६) हा प्रभातचाच, आणि पुढे ‘प्यासा’त क्रूर प्रकाशकाची भूमिका अजरामर करणारा रहमान त्याच चित्रपटात त्याच्याबरोबर होता. ‘दो आँखें’चे संगीतकार वसंत देसाई हेही प्रभातमध्येच लहानाचे मोठे झाले. इतर घराण्यांचीही हीच कथा आहे. ‘मुसाफिर’ हा स्वतःचा पहिला चित्रपट त्याच वर्षी देणारे हृषीकेश मुखर्जी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये संकलन शिकून बिमल रॉय यांच्याबरोबर मुंबईस आले होते, आणि मेहबूब खान इंपीरियलमध्ये किरकोळ भूमिका करीत सागर व नॅशनल या संस्थांत दिग्दर्शक झाले होते. चोप्रा हे या नियमाला अपवाद. ते लाहोरचे पत्रकार, फाळणीने मुंबईस आणलेले. पण चारांपैकी तीन शाखा जुन्या वृक्षांच्या असाव्यात, याला योगायोग म्हणणे मला पटत नाही.

आता ‘दो आँखें बारह हाथ’विषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण या चित्रपटाचे मूळ महाराष्ट्राच्या मातीत आहे आणि तरी त्याची चर्चा बहुधा पारितोषिकांच्या यादीपाशी थांबते. औंध हे साताऱ्याकडील एक लहानसे संस्थान. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या सुमारास महात्मा गांधींच्या सल्ल्याने आपल्या रयतेला स्वराज्याचे अधिकार दिले, आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची बिनभिंतींची वसाहत उभी राहिली, जेथे खुनासारख्या गुन्ह्यांतील कैदी बेड्यांशिवाय शेती करीत असत. याच आटपाडी-माडगूळच्या माणदेशी परिसरात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी, ‘गीतरामायणा’ची मालिका पुणे आकाशवाणीवर पूर्ण होऊन फार दिवस झाले नव्हते तोच, या प्रयोगाची कथा शांतारामांच्या हाती दिली. आदिनाथ हा तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना आपल्या जबाबदारीवर ओसाड जमिनीवर नेतो, भाजीपाला पिकवून घेतो, तो रास्त भावाने बाजारात नेतो, आणि त्यामुळे ज्याची मक्तेदारी मोडते त्या व्यापाऱ्याच्या रोषाला बळी पडतो: इतकेच कथानक, पण त्यात अर्थशास्त्र आहे, नीतिशास्त्र आहे आणि मनुष्यस्वभावावरील असा विश्वास आहे की जो त्या दशकानंतर आपल्या पडद्यावर पुन्हा तितक्या निःशंकपणे दिसला नाही.

‘झनक झनक पायल बाजे’च्या रंगवैभवाने गल्ल्यावर विक्रम केलेल्या माणसाने दोनच वर्षांनी पुन्हा कृष्णधवल छायाचित्रणाकडे वळावे, नायकाच्या भूमिकेत स्वतः उभे राहावे आणि नायिकेला खेळणी विकणारी एक भटकी बाई करावे, यात व्यापारी दृष्टीने केवढा धोका होता याची कल्पना आज येणे कठीण आहे. चित्रीकरणात बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली व काही काळ दृष्टी जाण्याची वेळ आली. चित्रपटाचा शेवट मला किंचित अतिनाट्यपूर्ण वाटतो. ज्या नैतिक दृष्टीच्या धाकाने कैदी पळून जात नाहीत तिचे आकाशात दाखविलेले नेत्र हे प्रतीक प्रेक्षकावर सोपविता आले असते. पण बाजारपेठेतला प्रसंग, जेथे सहा अडाणी कैदी मार खातात आणि दिलेल्या शब्दासाठी हात उचलीत नाहीत, तो आपल्या चित्रपटसृष्टीतील अहिंसेचा सर्वांत प्रामाणिक पाठ आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ साली बर्लिनला रौप्य अस्वल मिळाले, आणि त्यातील प्रार्थना देशभरच्या शाळांत म्हटली जाऊ लागली. हा शेवटचा सन्मान मला सर्वांत मोठा वाटतो.

या वर्षाचा दुसरा आणि अधिक गहन भाग साहिर लुधियानवी या एका कवीच्या लेखणीत साठलेला आहे. ‘नया दौर’ची गीते त्यांची आणि ‘प्यासा’चीही त्यांचीच. एकात खेड्यातले टांगेवाले व मजूर एकमेकांचे हात धरून रस्ता बांधतात आणि कवी त्यांच्या श्रमाला स्वर देतो. दुसऱ्यात तोच कवी वेश्यावस्तीच्या गल्लीत उभा राहून या देशाचा अभिमान मिरविणारे कोठे गेले असे विचारतो, आणि हे गीत त्यांच्या ‘चकले’ या आधीच्या उर्दू कवितेवरून सिद्ध झालेले आहे. आशा आणि धिक्कार ही एकाच वर्षी एकाच माणसाने लिहावीत, हे विसंगतीचे लक्षण नव्हे. स्वातंत्र्याला दहा वर्षे झाली होती. दुसरी पंचवार्षिक योजना चालू होती. दुसरी सार्वत्रिक निवडणूक त्याच वर्षी झाली, आणि मुंबई राज्यात संयुक्त महाराष्ट्र समितीने त्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना जबर हादरा दिला. धरणे आणि कारखाने उभे राहत होते व त्याच वेळी वचने आणि वस्तुस्थिती यांतील अंतरही लोकांना मोजता येऊ लागले होते. साहिरांनी दोन्ही बाजूंची साक्ष नोंदविली, आणि दोन्ही साक्षी खऱ्या होत्या.

‘प्यासा’ त्या काळी चालला नाही, असा एक समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. चित्रपट चांगला चालला. त्याच्या वाट्याला त्या वर्षीचे एकही फिल्मफेअर पारितोषिक आले नाही, हे मात्र खरे. व्ही. के. मूर्ती यांचे छायाचित्रण, अब्रार अल्वी यांचे संवाद, सचिनदेव बर्मन यांचे संगीत आणि गुलाबोच्या भूमिकेतील वहिदा रहमान या सर्वांवर स्वतंत्र लेख लिहिता येतील. मला येथे केवळ एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. स्मृतिसभेच्या प्रसंगी, ज्याला जग मृत समजते तो कवी दाराच्या चौकटीत पाठीमागून येणाऱ्या प्रकाशात उभा राहतो आणि ज्या कीर्तीसाठी त्याने आयुष्य जाळले तीच नाकारतो. या प्रसंगाचे स्थापत्य, म्हणजे स्थिर उभी आकृती, तिच्याभोवती हळूहळू उसळत जाणारा समुदाय आणि गीताच्या ओळींबरोबर पुढे सरकणारा कॅमेरा, हे गीत आणि नाट्य यांची फारकत न मानणाऱ्या परंपरेतूनच येऊ शकते. आपल्या बोलपटातील गाणे हा कथेतील अडथळा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा. बर्मन आणि साहिर यांचे सहकार्य मात्र या चित्रपटानंतर कायमचे संपले.

‘नया दौर’ची कीर्ती पडद्याबाहेरच्या एका दाव्यानेही वाढली. नायिकेच्या भूमिकेसाठी मधुबालेशी करार झाला होता व काही चित्रीकरणही पार पडले होते. पण भोपाळकडील बाह्यचित्रीकरणास तिला पाठविण्यास तिचे वडील अताउल्ला खान यांनी नकार दिला, चोप्रांनी वैजयंतीमालेस घेतले, आणि प्रकरण मुंबईच्या फौजदारी न्यायालयात गेले, जेथे दिलीपकुमार यांची साक्ष झाली व ती वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरून छापली. पुढे चोप्रांनी फिर्याद मागे घेतली. एका स्त्रीच्या खाजगी दुःखाचा असा जाहीर लिलाव होणे क्लेशकारक होते. तथापि कलावंताचा करार हा दस्तऐवज म्हणून न्यायालयात टिकतो की नाही, हा धंद्याच्या दृष्टीने मूलभूत प्रश्न त्या निमित्ताने प्रथमच सर्वांसमोर आला. चित्रपटाविषयी म्हणावयाचे तर यंत्र विरुद्ध मनुष्य हा त्याचा विषय धाडसी आहे, पण उत्तर मवाळ आहे. मोटारीला टांगा हरवितो तो अंतर कमी करणाऱ्या नव्या रस्त्याच्या बळावर. शर्यतीनंतर गिरणीमालक आणि मजूर यांनी सलोख्याने राहावे असा निर्णय लागतो. मालकी कोणाची, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. असे असूनही संपूर्ण गाव फावडी-कुदळी घेऊन रस्त्याला भिडते तेव्हा मन भरून येते, आणि ते येते यात मला काही गैर वाटत नाही.

‘मदर इंडिया’ ही मेहबूब खान यांनी स्वतःच्याच ‘औरत’ (१९४०) या चित्रपटाची केलेली पुनर्रचना होती. दोन्हींत छायाचित्रकार फरेदून इराणी, आणि दोन्हींत सावकार सुखीलाला झालेले कन्हैयालाल. ज्या नटाने एक भूमिका सतरा वर्षांच्या अंतराने दोनदा केली आणि दुसऱ्या वेळी ती अधिक भीषण केली, त्याच्या कलेचे यथार्थ मूल्यमापन अजून व्हावयाचे आहे. नाव ठेवताना कॅथरीन मेयो यांच्या १९२७ च्या कुप्रसिद्ध पुस्तकाला उत्तर देण्याचा हेतू होता. नर्गिस त्या वेळी अठ्ठावीस वर्षांची, आणि तिचा मुलगा झालेला सुनील दत्त तिच्याहून केवळ पाच दिवसांनी लहान. गुजरातेतील उमरा गावी गवताच्या गंजींच्या आगीचे दृश्य घेताना ती ज्वाळांत सापडली व सुनील दत्तने तिला बाहेर काढले. पुढच्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. पण चित्रपटाचे बळ अन्यत्र आहे. कर्जखतावरील अंगठा, वाढत जाणारे व्याज, धान्याच्या राशीतून उचलला जाणारा तीन चतुर्थांश हिस्सा आणि पंचायतीपुढे सावकाराच्याच बाजूने बोलणारा कागद, हा रयतेच्या कर्जाचा इतिहास इतक्या स्पष्टपणे लोकप्रिय चित्रपटाने पूर्वी मांडला नव्हता. अक्षरओळख नसल्यामुळे नायिकेचा मुलगा बिरजू सावकाराची वही वाचू शकत नाही आणि म्हणून ती जाळतो. दख्खनच्या १८७५ च्या दंग्यांत पुणे व नगर जिल्ह्यांतील कुणब्यांनीही सावकारांची कर्जखतेच जाळली होती, हे ज्याला आठवते त्याला हा प्रसंग केवळ नाटकी वाटणार नाही.

आणि येथेच या चित्रपटाची अडचणही आहे. बिरजूचा संताप न्याय्य आहे हे दिग्दर्शक जाणतो, तरी सावकाराच्या मुलीला तो पळवून नेऊ लागतो तेव्हा आई त्याला गोळी घालते, आणि तीच आई वृद्धपणी नव्या कालव्याचे उद्घाटन करते. ऋणाचा प्रश्न अब्रूच्या प्रश्नात विसर्जित होतो. मी या शेवटाशी अनेक वर्षे भांडलो आहे. पण नर्गिसचा तो चेहरा, ज्यात वध करणारी आणि वध झालेल्याची माता या दोन्ही एकाच क्षणी दिसतात, त्यापुढे तात्त्विक आक्षेप टिकत नाहीत. कार्लोव्ही व्हारीला तिला मिळालेले अभिनेत्रीचे पारितोषिक आणि परभाषिक चित्रपटांच्या विभागात ऑस्करसाठी झालेले पहिले भारतीय नामांकन यांचा उल्लेख सर्वत्र असतो, म्हणून येथे लांबवीत नाही.

गंभीर चित्रपटांच्या या गर्दीत करमणुकीचा एक नवा प्रवाह त्याच वर्षी सुरू झाला. नासिर हुसेन यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘तुमसा नहीं देखा’ फिल्मिस्तानने काढला, आणि तोवर अपयशी मानल्या गेलेल्या शम्मी कपूरला त्याने एक नवे शरीर दिले, म्हणजे नाचणारे, वाकणारे, शिष्टाचार न जुमानणारे. विजय आनंद यांचा ‘नौ दो ग्यारह’ हाही पहिलाच प्रयत्न. आणि नूतनच्या प्रसन्न खट्याळपणाने ‘पेइंग गेस्ट’ला जे तेज आले ते तिच्या गंभीर भूमिकांच्या चाहत्यांनी विसरू नये. पुढच्या दशकातील रंगीत, डोंगराळ प्रदेशांत रमणाऱ्या प्रणयपटांचे बीज येथे पेरले गेले.

संगीताविषयी तर सत्तावन्न साल हे वळणाचे वर्ष होते. ‘नया दौर’मध्ये ओ. पी. नय्यर यांनी मुख्य नायिकेची सर्व गाणी आशा भोसले यांना दिली. तोवर खलनायिका, नर्तकी आणि दुय्यम पात्रे यांच्या वाट्याचे गाणे गाणाऱ्या गायिकेला नायिकेचा आवाज म्हणून मान्यता मिळाली ती तेव्हापासून. ज्येष्ठ भगिनीने त्याच वर्षी वेगळ्या प्रकारे इतिहास घडविला: ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले असता समारंभात त्यातील गीत गाण्यास लतादीदींनी नकार दिला, कारण संगीतकाराला बक्षीस आहे पण गायकाला नाही, आणि दोन वर्षांनी पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले, तेव्हा पहिले त्यांनाच मिळाले. या गाण्यांच्या मागे, श्रेयनामावलीत न दिसणारे, पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून आलेले वादक व वाद्यवृंदरचनाकार होते. नय्यर आणि शंकर-जयकिशन या दोघांचेही ध्वनिविश्व सॅबेस्टियन डिसूझा यांच्या लेखणीतून वाद्यांपर्यंत पोचत होते. गोव्याच्या चर्चमधील संगीतशाळांनी त्यांना स्वरलेखन शिकविले नसते तर पुण्याचे, पंजाबचे आणि बंगालचे संगीतकार इतक्या विपुल वाद्यांना हुकमतीत ठेवू शकले असते काय, याची मला शंका आहे.

ऐकणाऱ्यांच्या बाजूनेही त्या वर्षी मोठा फेरफार झाला. नभोवाणीमंत्री डॉ. बा. वि. केसकर यांच्या कारकिर्दीत १९५२ पासून आकाशवाणीवर चित्रपटसंगीताला जवळजवळ बंदी होती, आणि सारा देश रेडिओ सिलोन ऐकत होता. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. सरकारने लोकरुचीपुढे घेतलेली ही माघार होती, आणि ती योग्यच होती. ज्या संगीताला अधिकृत दफ्तरात जागा नव्हती ते त्या दिवसापासून सरकारच्याच ध्वनिक्षेपकावरून घराघरांत पोचू लागले.

मुंबईबाहेरही हे वर्ष मोठेच होते. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ला व्हेनिसला सुवर्णसिंह मिळाला, तपन सिन्हा यांचा ‘काबुलीवाला’ बंगालने डोक्यावर घेतला. मद्रासेत के. व्ही. रेड्डी यांनी विजया संस्थेसाठी तेलुगू व तमिळमध्ये ‘मायाबाजार’ काढला, ज्यात घटोत्कचाच्या मायेने रचलेल्या विवाहाची कथा मार्कस बार्टली यांच्या कॅमेऱ्याने साकारली. ही कथा आपल्याला परकी नाही. बाबूराव पेंटरांच्या ‘सुरेखाहरण’ (१९२१) या मूकपटाचा विषय तोच होता, आणि त्यात कृष्णाचे काम करणारा, प्रथमच पडद्यावर आलेला मुलगा म्हणजे शांताराम.

मराठी चित्रपटाची स्थिती या वर्षी समाधानकारक नव्हती. ‘श्यामची आई’ने पहिले सुवर्णपदक मिळवून तीनचार वर्षे लोटली होती, प्रभातची वास्तू विकली गेली होती, आणि माडगूळकरांची कथा, वसंत देसाईंचे संगीत, मंगेशकर भगिनींचे गळे, नूतनचा अभिनय हे सर्व मराठी कर्तृत्व हिंदीच्या जमाखर्चात जमा होत होते. मी याला दोष मानीत नाही; मोठी बाजारपेठ कारागिराला ओढून घेणारच. परंतु वर सांगितलेली दोन कारणे, म्हणजे संस्थेतील शिक्षण आणि स्वतःची जोखीम, ही मराठीतही एकत्र आली तर काय घडते, याचा पडताळा दोनच वर्षांनी मिळाला. प्रभातच्या संकलन विभागात शिकलेल्या अनंत माने यांनी १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ काढला. व्यंकटेश माडगूळकरांची पटकथा, गदिमांची गीते आणि वसंत पवारांचे संगीत असलेला हा तमाशापट पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला.